वरच्या मजल्यावरची मीटिंग

फोन उचलणाऱ्या माणसाने साधाच प्रश्न विचारला होता, "ताई, घरात पितं कोण?" आणि मी म्हणाले, "मिस्टर."

ऑफिसच्या जिन्यात उभी होते मी, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, तिथे कोणी येत नाही कारण सगळे लिफ्टने जातात. नोव्हेंबर २०१८, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. नंबर तीनदा लावला आणि तीनदा रिंग जायच्या आत कट केला, चौथ्यांदा वाजू दिला. आणि एवढं सगळं करून पलीकडून खरंच एक माणूस बोलायला लागला तेव्हा मी खोटं बोलले. माझा नवरा दारूला शिवत नाही. लग्नात नाही, ट्रीपला नाही, कधीच नाही. पिणारी मी होते, नऊ वर्षं पीत होते, त्यातली शेवटची चार तर रोज.

पलीकडचा आवाज वयस्कर होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. मिस्टर कबूल करतात का, हात उचलतात का, मुलं केवढी आहेत, असं एकेक तो विचारत गेला आणि मी एकेक उत्तर बनवत गेले. मग म्हणाला, "त्यांचं राहू दे तूर्तास, तुम्ही या. घरच्या माणसांची वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन म्हणतात तिला. शाळा एकच. खाली आमची एएची, अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे पिणाऱ्यांची, वरच्या मजल्यावर तुमची. ते आले तर उत्तम, नाही आले तरी तुम्ही या." फी किती विचारलं तर काही नाही म्हणाला, नाव सांगू का विचारलं तर नको म्हणाला. पत्ता मी एका कुरिअरच्या पाकिटाच्या मागे लिहून घेतला, ठाण्यातली महापालिकेची शाळा, साडेसात ते नऊ. त्या शाळेवरून माझी रिक्षा रोज जायची.

फोन का केला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे ओट्याखाली गव्हाचा पत्र्याचा डबा आहे, पंचवीस किलोचा, त्यात वाळवलेला कडुनिंबाचा पाला टाकलेला असतो. आणि तेव्हा त्यात माझी क्वार्टर असायची. व्होडका, कारण तिचा वास येत नाही असं मला वाटायचं, तो येतो हे मला फार नंतर कळलं. संध्याकाळी कणिक मळायच्या आधी डब्यात कोपरापर्यंत हात घालायचा. गहू गार लागतात, काच त्याहून गार. स्टीलच्या पेल्यात ओतायची, वर पाणी, दोन घोटात संपवायची, तोंडात वेलची, बाटली परत आत आणि वरून गहू ढकलायचे की झालं. चार वर्षं हे असं चाललं होतं आणि मला वाटायचं की घरात कोणालाच पत्ता नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर वरचे गहू सपाट केलेले. हाताने. बोटांच्या रेघा उमटलेल्या होत्या आणि त्या माझ्या बोटांच्या नव्हत्या, बारीक होत्या. मी गहू कधी सारखे करत नाही, नुसते ढकलते. बाटली जागच्या जागी होती. म्हणजे लेक दळणाला गहू काढायला गेली होती, तिच्या हाताला ती लागली होती आणि तिने ती होती तिथेच ठेवून, वर गहू नीट पसरून, झाकण लावून टाकलं होतं. बारा वर्षांची होती ती. तिने आरडाओरडा केला असता, बापाला जाऊन सांगितलं असतं, माझ्यासमोर बाटली आपटली असती तरी चाललं असतं मला. पण तिने माझी चोरी माझ्यासाठी झाकली. आणि मी, तिची आई, त्या रेघांकडे बघत तिथेच बसून राहिले आणि मग त्याच रेघांमधून हात आत घातला आणि प्यायले. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण लिहायलाच पाहिजे, कारण लोकांना वाटतं की असा एखादा क्षण आला की माणूस तिथल्या तिथे बदलतो. मी नाही बदलले. फोन करायलाच मला अजून चार दिवस लागले.

आता खोटं का बोलले याचा मी पुढे खूप विचार केला. भीती होतीच, लाज होतीच, पण अजून एक होतं. त्या चार दिवसांत मी मोबाईलवर रात्री सगळे झोपल्यावर शोधत बसायचे, दारू कशी सोडायची. जे काही यायचं ते सगळं बायकोला उद्देशून. नवऱ्याला न सांगता जेवणातून द्या, भाजीत घाला, पंधरा दिवसांत दारूचा तिटकारा. (या प्रकाराबद्दल पुढे डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. डायसल्फिराम नावाची जी गोळी असते ती डॉक्टर पेशंटला विचारून, समजावून देतात, कारण ती पोटात असताना दारू गेली तर बीपी खाली जातं, छातीत धडधडतं, जीवही जाऊ शकतो. ती कोणाच्या आमटीत चोरून घालायची गोष्टच नाही. आणि त्या पुड्यांमध्ये काय असतं हे तर विकणाऱ्यालाच माहीत.) आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या भिंतीवर पोस्टर होतं, एएचं, तुम्हाला प्यायचं असेल तर तो तुमचा प्रश्न, सोडायचं असेल तर तो आमचा, अशा अर्थाचं, नंबर मी तिथूनच घेतला. त्या पोस्टरवरही डोकं धरून बसलेला पुरुषच होता.

भाषेतच बघा ना. दारुडा, बेवडा, पेताड, तळीराम. बाईसाठी शब्द आहे का आपल्याकडे? बेवडी म्हटलं की ती सरळ शिवी होते, त्यात आजारी माणूस दिसतच नाही. बाई या गोष्टीत असते ती रडणारी, मार खाणारी, मंगळसूत्र गहाण टाकणारी, देवाला साकडं घालणारी. ती जागा मला माहीत होती, लहानपणापासून बघितलेली होती, त्यामुळे त्या माणसाने विचारल्याबरोबर मी जाऊन त्या जागेवर बसले. पिणाऱ्या बाईची जागा कुठे असते हेच मला माहीत नव्हतं.

आणि अशा बायका नसतात असं थोडंच आहे. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेला देशभरचा सर्व्हे २०१९ साली आला, त्यात दारू पिणारे साधारण १६ कोटी धरलेत, आणि एका बाईमागे सतरा पुरुष असं प्रमाण दिलंय. मी अकाउंट्समधली बाई, मला हिशोब केल्याशिवाय राहवत नाही, १६ कोटींना अठराने भागलं तर नव्वद लाखांच्या जवळपास बायका होतात. त्यातल्या सगळ्याच आजारी आहेत असं नाही. पण त्याच सर्व्हेत असंही आहे की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतो, आणि तो एक बहुतेक वेळा पुरुषच असणार, कारण त्याला दवाखान्यात घेऊन जाणारी बायको असते, आई असते. बाईला कोण घेऊन जाणार, आणि काय सांगून?

मी स्वतःला पटवत आले होते ते श्रावणावर. दरवर्षी श्रावण पाळायचे मी, दोन हजार सोळापर्यंत पाळला. आपल्याकडे हे एक फार मोठं सर्टिफिकेट आहे, श्रावण पाळतो म्हणजे आपला ताबा आहे. गटारीला वाट्टेल तेवढी पिणारा माणूससुद्धा महिनाभर थांबला की सगळे म्हणतात बघा, मनात आणलं तर सोडू शकतो. सतराच्या श्रावणात दुसऱ्या दिवशी माझे हात थरथरायला लागले, वरणाची वाटी ताटात ठेवता येईना, रात्री घामाने उशी भिजली. घरी बीपी सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवायच्या आधी मी प्यायले आणि हात थांबले. त्यानंतर मी श्रावणाचं नावच काढलं नाही.

मीटिंगला गेले तो गुरुवार होता. ऑफिसमध्ये ऑडिटचं काम आहे असं घरी सांगितलं. शाळेच्या गेटला दोरीने बांधलेला एक छोटासा बोर्ड होता, वर्तुळात त्रिकोण, खाली दोन ओळी, मीटिंग संपली की तो काढून ठेवतात त्यामुळे दिवसा कधी दिसलाच नव्हता. मी गेटवरून पुढे गेले, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काहीतरी घेतलं, परत आले, परत पुढे गेले. गेटपाशी दोन माणसं उभी होती, एक इस्त्रीच्या शर्टातला, एक रिक्षावाल्याच्या खाकीतला, दोघं नुसते उभे होते. तिसऱ्यांदा खाकीवाला म्हणाला, "ताई, वर. जिना डावीकडे." मी काही न विचारता गेले. खालच्या वर्गावरून जाताना दारातून पुरुषांच्या पाठी दिसल्या, छोट्या बाकांवर बसलेल्या, गुडघे बाहेर काढून, आणि कोणीतरी मोठ्याने हसलं. ते हसणं मला आठवतं कारण मला वाटलं होतं की आत रडारड असेल.

वरचा वर्ग दुसरीचा होता. फळ्याच्या बाजूला मुळाक्षरांचा तक्ता, ज्ञ ज्ञानेश्वराचा, खिडकीत प्लास्टिकच्या बाटल्यांत लावलेला मनी प्लँट. आठ बायका आणि एक म्हातारे गृहस्थ, मुलासाठी येणारे. प्रार्थना झाली, जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे, जे येतं ते बदलायचं धैर्य दे, आणि दोन्हीतला फरक कळू दे. मग बारा पायऱ्या वाचल्या, दारूतून बाहेर यायला एएने आखलेल्या. मला नवल वाटलं की पायऱ्या खाली वाचतात त्याच वर वाचतात, पिणाऱ्याच्या आणि पिणाऱ्याच्या बायकोच्या त्याच. अल-अनॉन सुरूच अशी झाली, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून एए झाली, आणि नवरे आत मीटिंगला बसायचे तेव्हा बाहेर थांबणाऱ्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या. बिलची बायको लोइस, तिने एका मैत्रिणीबरोबर १९५१ साली या बायकांच्या गटांना एकत्र आणलं.

तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं हा नियम आहे, आणि मी तर तिथे खोट्या ओळखीने बसले होते, त्यामुळे कोणाचीही गोष्ट मी इथे लिहिणार नाही. पण एक गोष्ट इतकी सगळ्यांची आहे की ती कोणा एकीची राहतच नाही. लॅचची. दारात किल्ली कशी फिरते यावरून त्यांना कळतं. एका फटक्यात फिरली की आज बरं आहे. किल्ली भोकाभोवती घासत राहिली, दोनदा पडली, की पोट आवळतं, पोरं पुस्तकं गोळा करून आतल्या खोलीत जातात, आमटीखालचा गॅस बंद होतो. एकीने सांगायला सुरुवात केली आणि बाकीच्या नुसत्या माना हलवत होत्या.

त्या रात्री मी साडेनऊला घरी पोचले. किल्ली लॅचमध्ये घातली आणि आतला टीव्हीचा आवाज कमी झाला.

मी किल्ली तशीच धरून उभी राहिले. किती वर्षं होत असेल हे? रोजच होत असणार, मी रोज किल्ली लावत होते आणि आत कोणीतरी रोज आवाज कमी करून ऐकत होतं. मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. वरच्या मजल्यावर त्या बायकांमध्ये दीड तास बसले नसते तर अजूनही आलं नसतं.

पुढच्या गुरुवारी परत वरच गेले. आणि त्याच्या पुढच्याही. खालच्या वर्गासमोरून जाताना पाय थांबायचे पण वळायचे नाहीत. वर माझी आस्थेने चौकशी व्हायची, मिस्टर कसे आहेत, काही फरक, आणि मी काहीतरी सांगायचे, आणि त्या मला सांगायच्या की हे तू घडवलं नाहीस, हे तुझ्या हातात नाही, आणि हे तू बरं करू शकत नाहीस. अल-अनॉनमधली ही तीन वाक्यं नव्या बाईला पहिल्यांदा देतात, फार मोठा भार उतरतो त्यांनी. मला ती ऐकताना माझी लेक डोळ्यासमोर यायची, ही तिला कोणीतरी सांगायला पाहिजेत, आणि मी बसलेय तिची जागा अडवून.

तिसऱ्या गुरुवारी मीटिंग संपल्यावर एक काकू माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, गुडघे दुखतात म्हणून कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या. मी म्हणाले, "काकू, मिस्टर पीत नाहीत."

"सोडली?"

"त्यांनी कधी घेतलीच नाही. मी पिते."

त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. माझ्याकडे बघत राहिल्या, किती वेळ ते नाही सांगता येणार. मला वाटलं आता त्या म्हणणार की मग तीन आठवडे काय तमाशा बघायला आलीस का आमचा, आणि त्यांनी तसं म्हटलं असतं तर ते बरोबरच होतं. त्यांनी विचारलं, "आत्ता घेतलीयस?"

"दुपारी."

"चहा घेतला का?"

"नाही."

"चल."

खाली मीटिंग नुकतीच सुटली होती. एक जण बाकं सरळ करत होता, एक जण भिंतीवरचे बॅनर गुंडाळत होता, एकाच्या हातात किटली होती. काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, ह्या तुमच्याकडच्या आहेत. चुकून वर आल्या होत्या." किटलीवाल्याने माझ्याकडे बघितलं, कागदी कप घेतला आणि विचारलं, "साखर चालते ना?" बस. एवढंच. फोनवरचा आवाज त्याचा नव्हता, मी कान देऊन ऐकलं. फोनवरच्या त्या माणसाला मला सॉरी म्हणायचं होतं, तो कोण होता हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, फोनची ड्यूटी आळीपाळीने असते.

त्यांनी मला एका बाईचा नंबर दिला, दुसऱ्या गावातली, अकरा वर्षं सोबर. रात्री बाथरूममध्ये नळ सोडून तिला फोन केला. तिने माझी गोष्ट ऐकायच्या आधी, किती पितेस, किती वर्षं, सकाळी लागते का, हात थरथरतात का, असं विचारून घेतलं आणि म्हणाली, "उद्यापासून एकदम बंद करायची नाही. आधी डॉक्टर." हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. खूप वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस कुठे आहे ते कळेनासं होतं, आणि यात माणसं दगावतात. देवळात शपथ घेऊन, घरात कोंडून दारू सोडवणारी घरं मला माहीत आहेत, कृपा करून असं करू नका. एए औषध देत नाही, ते तिचं कामच नाही, ते डॉक्टरचं काम. मानसोपचार तज्ज्ञ, सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीतही असतात. मला गोळ्या दिल्या, हळूहळू कमी करत नेल्या, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली, नवव्या दिवशी मी दोन्ही हातांनी न धरता कप उचलला.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे नवऱ्याला सांगणं आलं. रविवारी सकाळी सांगितलं, लेक क्लासला गेली होती. तो म्हणाला, "माहीत आहे मला." मग म्हणाला, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो. चुकलं माझं, थांबायला नको होतं." फोनवर मी त्याच्या नावावर काय खपवलं तेही सांगितलं. तो काही बोलला नाही, खिडकीशी जाऊन उभा राहिला. पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर रिक्षात बसला आणि शाळेत पोचल्यावर जिन्याने वर गेला. अजून जातो. मी खाली, तो वर.

खालच्या वर्गात मी पहिल्यांदा बसले तेव्हा बावीस पुरुष आणि मी एकटी. बसायला जागा करायची म्हणून पुढच्या बाकावरचे दोघं उठून मागे गेले. हमाली करणारे, बँकेत मॅनेजर असलेले, एक रिटायर्ड मास्तर, गेटवरचा तो रिक्षावाला. सगळे आपलं नुसतं पहिलं नाव सांगतात आणि पुढे म्हणतात मी मद्यपी आहे, आणि बाकीचे एका सुरात त्याला नमस्कार करतात. माझी पाळी आली तेव्हा मला तो शब्द सापडला. मद्यपी. तो मद्यपी, ती मद्यपी, शब्द तोच राहतो. मी तो म्हटला आणि बावीस पुरुषी आवाजात "नमस्कार" आला आणि मला पुढे काही बोलता आलं नाही, तर कोणी बोल म्हणूनही म्हटलं नाही, पुढचा माणूस सुरू झाला.

तिथे काय करतात, असं मला आता लोक विचारतात. बोलतात आणि ऐकतात. कोणी सल्ला देत नाही, मधे बोलत नाही. एकजण पाच-सात मिनिटं आपलं सांगतो, काय होतं, काय झालं, आज कसं आहे. सभासद व्हायला एकच अट, पिणं थांबवायची इच्छा, तीही रोज असलीच पाहिजे असं नाही, मला कित्येक दिवस नसायची. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, नाही टाकले तरी चालतात, वर्गाचं भाडं आणि चहा त्यातून निघतो, बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाहीत. आणि एक जुनं वाक्य, फक्त आजचा दिवस. जन्मभर सोडायची असा विचार केला की मला गुदमरायला व्हायचं. आज रात्री झोपेपर्यंत नाही प्यायची, हे जमायचं.

नेहमी जमलं नाही. जानेवारीत नणंदेकडे हळदीकुंकू होतं, वीस-पंचवीस बायका, सगळ्यांना माहीत असेल असं मला वाटत होतं, आणि जायच्या आधी मी स्टेशनजवळून क्वार्टर घेतली. पुढच्या गुरुवारी वर्गात हात वर करून सांगितलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "परत आलात हे बरं केलंत." ती शेवटची. २० जानेवारी २०१९.

हे सगळं होऊन गेल्यावर मार्टी मॅन या बाईबद्दल वाचलं. एएमध्ये येऊन टिकलेल्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक. १९३९ साली ती एका सॅनिटोरियममध्ये होती, तिच्या डॉक्टरांनी तिला एएच्या पुस्तकाची अजून छापायची असलेली प्रत वाचायला दिली, आणि मग ती न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये बिल विल्सनच्या घरी मीटिंगला गेली. घर पुरुषांनी भरलेलं. ती कोट ठेवायला म्हणून वरच्या मजल्यावर गेली आणि तिथेच बसून राहिली, खाली येईचना. तेव्हा लोइस वर गेली, पिणाऱ्याची बायको, आणि तिला धरून खाली घेऊन आली. हे वाचलं त्या दिवशी मी काकूंना फोन केला आणि वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिचे गुडघे बरे असतील." आणि मग बराच वेळ दोघी फोनवर गप्प होतो.

एए भारतात १९५७ पासून आहे, मुंबई-ठाण्यात तर शाळांतून, चर्चच्या हॉलमधून, आठवड्याचा एकही वार रिकामा जात नाही इतक्या मीटिंग असतात, मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी. ज्यांना आधी राहून उपचार घ्यायची गरज आहे त्यांच्यासाठी पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉक्टर सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, तिथे बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, हे मला चार वर्षं आधी कळलं असतं तर. सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन १४४४६, आणि मनाच्या त्रासासाठी टेली मानस १४४१६, दोन्ही फुकट. फोन केलात आणि पहिल्यांदा खोटं बोललात तरी हरकत नाही. बहिणीसाठी विचारतेय म्हणा, मैत्रिणीसाठी म्हणा. पत्ता तोच मिळतो.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तशा मीटिंगही मोबाईलवर आल्या. मे महिन्यात दारूची दुकानं उघडली आणि आमच्या गॅलरीतून ती लाईन दिसत होती, उन्हात, वर्तुळं आखलेली, त्यातली प्रत्येक पाठ मला ओळखीची वाटत होती. त्या दिवशी मी तीन मीटिंगना बसले. आणि तेव्हाच, घरातून कुठे जायचं नाही, कोणी गेटवर बघणार नाही, म्हणून बायका यायला लागल्या. व्हिडिओ बंद, नावाच्या जागी नुसतं एक अक्षर, विदर्भातल्या, कोल्हापूरकडच्या, एक दुबईहून. एकीच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. शाळा परत उघडल्या तरी आमची ती बायकांची मीटिंग चालूच आहे, रविवारी दुपारी, भांडी आटपल्यावर.

लेक आता एकोणीसची आहे. तिच्याशी मी गव्हाबद्दल बोलले, पण लगेच नाही, दोन वर्षांनी, आणि ती म्हणाली, "मला आठवत नाही." मी पुढे विचारलं नाही. काही दिवस ती काउन्सेलरकडे जायची, तिथे काय बोलली ते तिचं.

परवा दळण द्यायचं होतं. ती डब्यासमोर बसली, भांड्याने गहू काढले, पिशवी भरली, आणि मग उजवा हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि एकदा इकडून तिकडे फिरवला. पिशवी भरलेलीच होती. मी ओट्याशी भाजी चिरत होते, ती मला बघत नव्हती, मी तिला बघत होते. हात बाहेर काढला, कडुनिंबाचं पान चिकटलं होतं ते झटकलं, झाकण लावलं.

"आई, ज्वारीपण देऊ का? भाकरी करणार होतीस ना."

"दे," मी म्हणाले. "दोन किलो दे."